फरशीखाली हीटिंग घालायचंय: व्हिट्रिफाइड, ग्रॅनाइट की कोटा?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. नाशिकच्या मखमलाबादला आमच्या रो-हाउसची दुरुस्ती काढली आहे. तळमजल्याची जुनी मोझॅक फरशी उखडून झाली, खालचा कोबा उघडा पडलाय, आणि नेमका याच मुहूर्तावर नवऱ्याच्या डोक्यात किडा शिरलाय: आईंच्या खोलीत फरशीखाली हीटिंग घालू.

आई म्हणजे माझ्या सासूबाई, वय ७६. पहाटे पाचला उठून देवघरापुढे बसतात. आसन दिलं की ते घडी घालून बाजूला ठेवतात आणि थेट फरशीवर मांडी. डिसेंबर-जानेवारीत त्या फरशीवर अनवाणी पाय टेकला की मला पोटरीपर्यंत कळ जाते, त्यांच्या गुडघ्यांचं काय होत असेल!

खोली १० बाय १२, लागून छोटं बाथरूम. आता मतं ऐका. टाइलवाला म्हणतो व्हिट्रिफाइडच. ठेकेदार म्हणतो ग्रॅनाइट टाका ताई, दगड तापला की तापून राहतो. दीर इटालियन मार्बलवर अडून बसलेत. आणि आईंना हवाय कोटा, कारण माहेरी कोटा होता. यातली कुठली फरशी उष्णता चांगली वर सोडते? इथे कोणी केलंय का हे?

निफाडकर

मखमलाबादला थंडी? हाहा. या एकदा निफाडला. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला तापमानाचा आकडा पेपरात छापून येतो ना, तो आमच्या अंगावर काटा आणून मग छापतात. थंडीची लाट आली की आम्ही द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटवतो. मण्यांना ऊब, मालकाला कुडकूड. फरशी तापवायची कल्पना आमच्या घरात काढली तर वडील आधी बागेत पाइप टाकायला लावतील.

वाचतोय.

सुपारी_कातर

स्पष्ट बोलतो, राग नसावा. नाशिकला खरी थंडी सहा ते आठ आठवडे. मार्चपासून हीच फरशी पुसून तिच्यावर उघडं लोळायचं असतं आपल्याला. एवढ्यासाठी खोली उकरायची? एक जाड सतरंजी, त्यावर घोंगडी, पायात लोकरी मोजे. विषय संपला.

गोदाकाठ

@सुपारी_कातर, सतरंजी अंथरली होती. तिची कड पायात अडकून गेल्या संक्रांतीला त्या पडल्या, मनगटाला प्लास्टर. तेव्हापासून त्या खोलीत अंथरूण म्हणून काही टाकायचं नाही असा घरात कायदा आहे. आणि खोली उकरायची नाहीये हो, उकरलेलीच आहे.

सुपारी_कातर

मग माझा मुद्दा मागे.

कोबाबहाद्दर

सिव्हिलवाला आहे, सविस्तर लिहितो. चहा घेऊन बसा.

तुमचा प्रश्न 'कुठली फरशी उष्णता सोडते' हा आहे, पण या चौघांच्या भांडणात तो जवळपास निरर्थक आहे. हिशोब करू. उष्णतेला पदार्थ किती आडवा येतो हे काढायला जाडी मीटरमध्ये घ्यायची आणि तिला वाहकतेने भागायचं. व्हिट्रिफाइड ९ मिमी, वाहकता साधारण १.१: उत्तर ०.००८. ग्रॅनाइट १८ मिमी, वाहकता पावणेतीनच्या आसपास: ०.००७ पण नाही. कोटा हा चुनखडीचा दगड, २५ मिमी जाड धरला तरी ०.०१५ च्या आगेमागे. आता १४ मिमीची लाकडी फरशी घ्या: ०.०९ च्या पुढे. जाड गालिचा तर याहूनही वर जातो. युरोपात फरशीखालच्या हीटिंगला ईएन १२६४ हे मानक चालतं, त्यात वरच्या थराला ०.१५ पर्यंत मुभा आहे. म्हणजे तुमचे चारही पर्याय मर्यादेच्या दहाव्या हिश्शात किंवा आसपास बसतात. पहिला आणि चौथा यांच्यातला फरक तुमच्या तळपायाला कळणार नाही.

ठेकेदाराचं 'तापला की तापून राहतो' हे अर्धं खरं. १८-२० मिमीचा दगड तापायला जास्त वेळ घेतो आणि निवायलाही. दिवसभर हीटिंग चालू ठेवणाऱ्या देशात ते ठीक. तुम्हाला पहाटे पाचला फरशी कोमट हवी आणि आठला बंद करायची, तर पातळ टाइल लवकर तापेल, म्हणजे बटण चारला पडलं तरी चालेल. जाड कोट्याला तीनला उठवावं लागेल. टायमर उठवेल, आई नाही, हा भाग वेगळा.

खरी बाजी खाली आहे. कोबा थेट जमिनीवर असेल तर उष्णता खालीही तेवढ्याच आनंदाने जाते. म्हणून आधी इन्सुलेशन बोर्ड: दोन्ही बाजूंना सिमेंटचा थर असलेला एक्सपीएस (टणक फोम), विजेवर तापणाऱ्या वायरच्या मॅटखाली निदान १० मिमी. त्याला फाटा दिलात तर गांडुळांना ऊब आणि बिल तुम्हाला.

वायरची मॅट की पाण्याचे पाइप, हे तुम्ही लिहिलं नाही. पाइपची पद्धत म्हणजे बोर्ड, त्यावर १६ मिमीचे पाइप, त्यावर साडेचार सेंटीमीटर कोबा. एकूण १० सेंटीमीटरच्या वर उंची जाते आणि नुसत्या कोब्याचंच वजन चौरस मीटरला सव्वाशे किलोच्या घरात. एका खोलीसाठी पाइप म्हणजे एका मुलासाठी शाळा बांधणं. मॅटच घाला. बोर्ड, मॅट, तिच्यावरचा लेव्हलिंगचा (सपाटीचा) थर, टाइल चिकटवायचं ॲडेसिव्ह आणि टाइल मिळून साधारण साडेतीन सेंटीमीटर होतील. दार खालून रंधून घ्यावं लागेल आणि उंबऱ्याचा विचार आत्ताच करा, नाहीतर आई परत अडखळतील.

डोंगराळे

सोलर वॉटर हीटर आहे ना गच्चीवर? त्याचंच पाणी फिरवायचं फरशीखालून. फुकट.

कोबाबहाद्दर

@डोंगराळे, हिशोब बघा. २०० लिटरची टाकी ५५ अंशांवरून ३० वर आणली तर त्यातून पावणेसहा युनिट उष्णता निघते. एका खोलीला रात्रभर पुरेल कशीबशी. सकाळी मात्र आंघोळीला सगळं घर तीस अंशांच्या पाण्याखाली. पहिल्याच दिवशी फरशी परत उखडतील.

दगडधोंडा

पाथर्डी फाट्याकडे दगडाचाच धंदा आहे माझा, त्यामुळे माझ्या पोटावर पाय देऊन लिहितोय.

इटालियन घालू नका. त्या स्लॅबच्या पाठीला फायबरची जाळी असते, रेझिनने चिकटवलेली. दगड मुळात भेगाळ, जाळीच्या आधाराने गाडीतून येतो. साधं सिमेंट त्या रेझिनला धरत नाही. जाळी खरवडून काढली तर स्लॅब हातात तुटतो, न काढता लावला तर पकड जाळीला, दगडाला नाही. खालून रोज तापवायचं-निववायचं म्हटल्यावर हा खेळ कशाला? पांढऱ्यात पिवळे डाग उमटायची भीती आणखी निराळी. दिरांना म्हणावं, हॉलच्या भिंतीला लावा.

उदयपूरकडचा हिरवा मार्बल कोणी सुचवला तर हात जोडा. ओल्या सिमेंटवर तो वाकतो. सकाळी लावलेला तुकडा संध्याकाळी वाटीसारखा झालेला मी पाहिलाय.

कोटा मला आवडतो, आईंची निवड चांगली आहे. पण दोन अडचणी. एक, खाणीतून आलेल्या कोट्याची जाडी एकसारखी नसते, एका फरशीला २० तर शेजारचीला २६. गवंडी ते मालात जिरवतो, कुठे जाड कुठे पातळ. वायरच्या मॅटवर असा कमी-जास्त माल चालत नाही, खालीवर तापतं. मशीनने पाठ कापून एकसारखा केलेला कोटा मागावा लागेल. दोन, कोट्याला जागेवर पॉलिश मारतात, चार-पाच हात, आणि खोलीभर राखाडी चिखलाचं पाणी. ते सांध्यातून आत जिरतं. पुरतं वाळायच्या आत हीटिंग लावलं की ओल वर येते, सोबत क्षार घेऊन, आणि काळ्या-हिरव्या कोट्यावर पांढरी भुकटी फुटते. पुसली की जाते, परत येते.

शहाबादी, तांदूर, कडप्पा हे सगळे याच चुनखडीच्या कुळातले. नियम तोच. ग्रॅनाइटला यातलं काही नाही, फक्त १८ मिमी जाडी आणि वजन. आणि बाथरूममध्ये पॉलिशचा ग्रॅनाइट म्हणजे ७६ व्या वर्षी हाडवैद्याची सोय.

अश्विनी_नक्षत्र

दंडवत दगडधोंडा. धंदा करणाऱ्याने 'घेऊ नका' लिहिलेलं पहिल्यांदा वाचलं.

सिडकोवासी

आमची रडकथा वाचा आणि शहाणे व्हा. दोन वर्षांपूर्वी बेडरूममध्ये मॅट घातली. ठेकेदाराचं नाव लिहीत नाही. बायकोची अट एकच: टाइलमध्ये सांधा दिसता कामा नये. दुकानदाराने २ बाय ४ ची गुळगुळीत टाइल दाखवली, कडा अगदी काटकोनी, एकीला एक चिकटवून लावली. सांध्यात फट राखणारे स्पेसर नाहीत. भिंतीपाशीही जागा सोडली नाही, स्कर्टिंग ठोकून मोकळे.

पहिल्या थंडीत सगळं छान. पाहुण्यांना अनवाणी चालायला लावलं. दुसऱ्या जानेवारीत पहाटे साडेचारला धाड्कन आवाज झाला. मला वाटलं गॅस. दिवा लावला तर खोलीच्या मध्यावर दोन टाइल एकमेकींना टेकून उभ्या, पत्त्यांच्या बंगल्यासारख्या. काढून पाहतो तर पाठीला मधोमध एक आणि चार कोपऱ्यांत चार असे मालाचे पाच गोळे, बाकी टाइल स्वच्छ, कंपनीचा छापसुद्धा वाचता येत होता. वर आणि मॅटच्या वायरला थापीचा काप. अर्धी खोली कधीपासून बंद होती देव जाणे. आम्ही समजत होतो थंडी वाढली.

कोबाबहाद्दर

@सिडकोवासी, धाग्यातला सगळ्यात उपयोगी प्रतिसाद तुमचा. त्याचंच पोस्टमॉर्टम करतो.

चार मीटर लांबीचा कोबा १५ वरून २८ अंशांवर नेला तर तो अर्धा मिमीहून थोडा जास्त वाढतो. वरची टाइल त्याच्या साधारण निम्मी-पाऊण. आकडा किरकोळ वाटतो, पण वाढायला जागाच नसेल तर तोच अर्धा मिमी टाइल उचलतो. त्यातून पकड पाच गोळ्यांची. म्हणून टाइलमध्ये ३ मिमी सांधा ठेवायचा, स्पेसर घालून. सांध्यात भरायचं ग्राउट फरशीच्या रंगाचं घ्या, चार फुटांवरून दिसत नाही. भिंतीपाशी चारही बाजूंना ५ मिमी तरी जागा मोकळी, फोमची पट्टी घालून, तिच्यात चुकूनही माल पडू द्यायचा नाही. वर स्कर्टिंगने झाकते. दाराच्या उंबऱ्यात, जिथे तापणारी फरशी संपून गार फरशी सुरू होते, तिथे ग्राउट नको, लवचीक सीलंट.

पोकळीचं दुसरं पाप म्हणजे हवा. हवा उष्णता वर जाऊ देत नाही, टाइल गारच, आणि खालची वायर नको तितकी तापते. टाइलच्या पाठीवर पूर्ण थर हवा. खाचांच्या थापीने जमिनीवर एकाच दिशेने ओळी ओढायच्या, टाइलच्या पाठीला पातळ हात मारायचा, मग बसवून ओळींना आडवी हलवायची, म्हणजे हवा बाहेर जाते. पण वायर उघडी असताना तिच्यावर लोखंडी खाचांची थापी फिरवायची नाही. आधी मॅट सेल्फ लेव्हलिंगच्या (आपोआप सपाट पसरणाऱ्या) थरात बुडवा, तो वाळू द्या, मग टाइल. सिडकोवासींचा काप तिथेच वाचला असता.

ॲडेसिव्हच्या गोणीवर सी२ आणि एस१ ही दोन अक्षरं शोधा. सी२ म्हणजे जास्त पकडीचं, एस१ म्हणजे वाळल्यावरही थोडं वाकणारं. व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्कासुद्धा पाणी पीत नाही, त्यामुळे सिमेंटची रबडी ओतून ती धरेल ही आशा सोडा. आणि पाठीवरची पांढरी पूड ओल्या फडक्याने पुसून मग माल लावा. एवढं एक काम जरी स्वतः उभं राहून करून घेतलंत तरी पुष्कळ.

स्टुटगार्टचा_गारठा

मूळचा पंचवटीचा, बारा वर्षं जर्मनीत. इथे भाड्याच्या घरात पाइपवालं आहे. दोन गोष्टी सांगतो. फरशी 'गरम' लागत नाही. मानकात खोलीसाठी पृष्ठभागाची मर्यादा २९ अंश, बाथरूमला ३३. तळपायाच्या जवळपासचंच तापमान. त्यामुळे नव्या माणसाला वाटतं बंद आहे की काय, नुसती गार लागत नाही एवढंच कळतं. आईंना आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्या म्हणतील पैसे पाण्यात गेले.

दुसरं: नवीन कोबा वाळायच्या आत घाईने तापवू नका. इथे सिमेंटच्या कोब्याला २१ दिवस थांबतात, मग तीन दिवस २०-२५ अंशांचं पाणी, मग चार दिवस पूर्ण तापमान. घरमालकाने त्याची तारीखवार नोंद फाइलला लावलेली आहे. जर्मन लोक, काय बोलणार.

सारवण

माझ्या आजोळी दिंडोरीजवळ शेणाने सारवलेली जमीन होती. थंडीतही तिच्यावर पाय टेकवत होता. शहाबादी आली आणि आजीचे पाय दुखायला लागले असं आई सांगते. हे खरं असेल का?

कोबाबहाद्दर

@सारवण, खरं आहे. दोन्ही जमिनींचं तापमान एकच असतं. दगड पायातली उष्णता भराभर ओढतो, माती-शेणाचा थर हळू ओढतो. पायाला तापमान कळत नाही, आपली ऊब किती वेगाने जाते ते कळतं. म्हणून आईंच्या खोलीत २६-२७ अंशसुद्धा पुरतील.

ओहमचा_नियम

वायरिंगवर कोणी बोललंच नाही अजून.

मॅट फक्त मोकळ्या जागेत घालायची. कपाटाखाली नाही. आणि पलंग कसला आहे? आपल्याकडे बॉक्सचा दिवाण जमिनीला टेकलेला असतो, हवा जायला फट नाही. त्याच्याखाली मॅट गेली तर उष्णता कोंडते, वायर जळते. युरोपातल्या माहितीपत्रकात हे नुसतं 'फर्निचर' म्हणून लिहिलेलं असतं. त्यांच्याकडे पलंगाला पाय असतात.

समजा मोकळी जागा ७ चौरस मीटर. चौरस मीटरला १५० वॉटची मॅट घेतली तर १०५० वॉट, म्हणजे एका लहान गिझरपेक्षाही कमी. पहाटे ४ ते ८ चालवलं, थर्मोस्टॅट मध्ये-मध्ये बंद करतो हे धरून रोज अडीच-तीन युनिट. महिन्याला ७५-९०. तुमच्या बिलाच्या स्लॅबचा दर लावून बघा.

स्वतंत्र एमसीबी (जास्त प्रवाह झाला की पडणारा स्विच) आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा), बाथरूम असो नसो. फरशीतला सेन्सर नळीतून सोडा, मॅटबरोबर गाडू नका. सेन्सर गेला तर ओढून बदलता येतो, गाडला तर फरशी फोडा. थर्मोस्टॅटला फरशीची कमाल मर्यादा लावून कुलूप करा. आईंना मधुमेह असेल आणि पायाला मुंग्या-बधिरपणा असेल तर हे सक्तीचं, कारण चटका त्यांना कळणार नाही.

आणि मीटर: मॅट पेटीतून काढल्यावर, लेव्हलिंगनंतर आणि टाइल बसल्यावर, असं तीनदा रोध मोजा. २३० व्होल्टचा वर्ग भागिले १०५० वॉट म्हणजे ५० ओहमच्या आसपास यायला हवं. मेगरने (वायरचं आवरण तपासायच्या मीटरने) अर्थिंगशीही तपासा. तीनही आकडे लिहून डीबीच्या (विजेच्या मुख्य पेटीच्या) दाराला आतून चिकटवा.

गोदाकाठ

अरे बापरे, दिवाण! आईंचा दिवाण बॉक्सचाच आहे, खाली गाद्या आणि तीन पिढ्यांची पितळी भांडी. मॅट त्याच्या कडेपर्यंतच आणू. मधुमेह आहे, सध्या पायाचं काही नाही, पण कुलूप लावतेच.

सगळ्यांचे आभार, घरी हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. इटालियनच्या परिच्छेदानंतर दीर चहा करायला उठले.

गोदाकाठ

तीन आठवड्यांनी लिहितेय. निर्णय: खोलीत २ बाय २ ची बिनचकाकीची व्हिट्रिफाइड, कोट्यासारख्या हिरवट-राखाडी रंगाची. बाथरूममध्ये त्याच रंगाची १ बाय १ ची खरबरीत. आईंना आधी पटेना. 'दिसायला कोटा आणि वाजवलं की काचेसारखं' असं म्हणाल्या. मग खऱ्या कोट्याच्या सहा फरशा आणून देवघराच्या कट्ट्याला लावल्या, तिथे मॅट नाही. सौदा झाला.

गवंडीकाका चांगले निघाले, पण पहिल्या दिवशी त्यांनी सवयीने गोळे टाकायला घेतले. मी म्हटलं काका, ही बसवलेली उचला. उचलली. पाठीवर पाच काळे ठिपके, बाकी कोरी. त्यांनाच कसंतरी झालं. म्हणाले, तीस वर्षांत लावलेली टाइल परत कोणी उचलायला लावली नव्हती. मग दर दहावी टाइल ते स्वतःहून उचलून दाखवायचे, 'बघा ताई, भरली'. वाळल्यावर मी नाण्याने सगळी खोली वाजवली. दाराजवळची एक बद्द वाजली, ती बदलली. ती काढताना माझा जीव वायरीत अडकला होता, पण लेव्हलिंगचा थर शाबूत राहिला.

ओहमचे आकडे: ५०.२, ५०.३, ५०.२. डीबीच्या दाराला चिकटवलेत.

ओहमचा_नियम

झकास. मेगर?

गोदाकाठ

तिन्ही वेळा ठीक. लावायला अजून बारा दिवस आहेत, ॲडेसिव्हवाल्याने तेवढे थांबायला सांगितलंय. आई रोज संध्याकाळी विचारतात, आज लावायचं का. काल थर्मोस्टॅटसमोर उभ्या राहून खोलीतलं तापमान वाचत होत्या. १४.५ होतं. म्हणाल्या, आता आकडा दिसल्यावर जास्तच थंडी वाजते.

निफाडकर

आमच्याकडे आज पहाटे काय होतं ते सांगत नाही, उगाच आईंना हुडहुडी भरेल. लावल्यावर कळवा, बघायला येतो. बूट बाहेर काढूनच.